हात तुमचा, बॅटरी माझी

आमच्या कंपनीच्या बसमध्ये ते नेहमी मागच्या चाकावरच्या सीटवर बसायचे. बस लोणावळ्याहून निघायची, मी तिथे चढायचो; ते मळवलीच्या फाट्यावर चढायचे. तोवर पुढे पुष्कळ जागा असायची, तरी सगळ्यांना ओलांडून ते मागे जायचे. चाकावरच्या सीटवर प्रत्येक खड्ड्याला माणूस वर उडतो. मी एकदा विचारलं, पाठीला त्रास होत नाही का? म्हणाले, "होतो. पण पुढे बसलं की रस्ता चांगला आहे असं वाटायला लागतं."

पुढच्या सीटवर त्या वेळी आमचे तीन विभागप्रमुख झोपले होते.

कारखाना उर्से टोलनाक्याच्या अंगाला. मोटारींच्या सुट्या भागांना रंग द्यायचं काम. मी खरेदी विभागात होतो, अजून आहे. ते ईटीपीचे इंजिनिअर. रंगाच्या धुण्याचं आणि कॅन्टीन-संडासाचं पाणी साफ करून मागच्या नाल्यात सोडणारा जो प्लँट असतो, त्याला ईटीपी म्हणतात. प्रत्येक कारखान्यात तो असतो, आणि प्रत्येक कारखान्यात त्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन सेलची पत्र्याची बॅटरी. मोबाइल होता, मोबाइलला उजेड होता, तरी बॅटरी वेगळी. कामगार त्यांना बॅटरीसाहेब म्हणायचे, मीही तेच नाव चालवतो. कामशेतला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी मठ्ठ्याच्या पिंपात बॅटरी मारून पाहिली. पिंपात काही नव्हतं, मठ्ठा उत्तम होता. पण ते पाहिल्यावर त्या पंगतीत मठ्ठा कुणी घेतला नाही. वहिनींनी तेव्हापासून त्यांना लग्नांना नेणं बंद केलं. "ह्यांचं काय सांगता, उद्या नवरदेवाच्या कानात बॅटरी मारतील," असं त्या म्हणायच्या.

असा माणूस सहन करणं कठीण असतं. तो बरोबर असला तर जास्तच.

पण त्यांची खरी ख्याती वेगळी होती. ते साहेबाला कधीही नाही म्हणत नसत.

नोकरीत वाकडं काम सांगितलं की इंजिनिअर माणूस काय करतो, हे मी खरेदीच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. बहुतेकांना त्या दिवशी पित्त होतं. काही जण "वरून आलंय" एवढं म्हणून काम खालच्याला देतात, तो त्याच्या खालच्याला देतो, आणि असं उतरत उतरत ते कंत्राटी हेल्परपाशी पोचतं, ज्याच्याखाली फक्त जमीन असते. इलेक्ट्रिकलचे म्हणतात हे पाण्याचं काम, पाण्याचे म्हणतात यात मोटार आहे. मेंटेनन्सच्या साहेबांची तऱ्हा सगळ्यात भारी. ते म्हणायचे, "तोंडी सांगा सर, म्हणजे मला विसरता येतं." विसरायचे मात्र काम करून झाल्यावर.

बॅटरीसाहेब ताबडतोब उठायचे. "करू की. चला."

"चला म्हणजे? कुठे?"

"जागेवर. हात तुमचा, बॅटरी माझी."

म्हणजे ज्याने काम सांगितलं त्याने यायचं, वाकायचं, आणि ते स्वतःच्या हाताने करायचं. हे फक्त उजेड धरणार. यात नकार कुठेच नाही, त्यामुळे रागावताही येत नाही. साहेब आपल्या बुटांकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे, आणि म्हणायचे, "ठीक आहे, नंतर बघू." ते नंतर कधी यायचं नाही.

मळवलीत बॅटरीसाहेबांच्या घराशेजारी मुंबईच्या एका गृहस्थांचा वीकएंडचा बंगला. त्यांची संडासाची टाकी भरून वाहायची. गृहस्थ एका रविवारी पांढऱ्या हाफ पँटमध्ये आले आणि म्हणाले, तुम्ही इंजिनिअर, मागच्या बाजूने भातखाचरात एखादा पाइप गुपचूप काढता येईल का? हे आत गेले, कुदळ घेऊन बाहेर आले, ती त्यांच्या हातात दिली आणि बॅटरी लावली. सकाळचे दहा वाजले होते. गृहस्थ म्हणाले, "मी तर फक्त आयडिया विचारत होतो." ते म्हणाले, "मग आयडियेला कुदळ लागत नाही, द्या परत." पुढे त्या गृहस्थांनी टाकी उपसायची गाडी बोलावली आणि बॅटरीसाहेबांशी बोलणं सोडलं. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या, असं वहिनींचं मत.

आता माशांबद्दल.

कारखान्यामागचा नाला खालच्या वाडीतून जातो. तिथले एक आबा, सत्तरीचे, नाल्यालगत भात लावणारे, अधूनमधून आमच्या गेटवर येऊन बसायचे. सिक्युरिटीवाले त्यांना बाकड्यावर बसवायचे आणि विसरायचे. एकदा बॅटरीसाहेब त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मी माल उतरवून घेत तिथेच उभा होतो.

"सायेब, नाल्याचं खेकडं गेलं," आबा म्हणाले. "पयलं लय व्हतं. आता दगूड उचालला की खाली नुस्ता फेस."

"कधीपासून?"

"तुमचा बोर्ड लागल्यापासनं."

बॅटरीसाहेबांनी खिशातली बॅटरी चाचपली. मग म्हणाले, "आबा, आम्ही बाहेर सोडतो ना, त्या पाण्यात मी मासे ठेवतो. मासा जगला तर खेकडा येईल."

"आन् मेला तर?"

"तर मी येऊन सांगेन तुम्हाला."

"बगा हां," आबा उठत म्हणाले. "सांगाया कुनी येत न्हाई."

त्या शब्दापायी ईटीपीच्या तोंडाशी सिमेंटचं एक टाकं बांधलं गेलं, पुढून काच लावलेलं. नाल्यात जाणारं पाणी आधी त्यातून जाणार. माशांची मागणी माझ्याकडे आली: "मासे, जिवंत, नग पंधरा." आमच्या संगणकात वस्तूचा गट भरल्याशिवाय खरेदी पुढे सरकत नाही. मी विचारलं, कशात धरू? रोजच्या वापराचं सामान, की बागकाम?

"मोजमापाचं साधन," ते म्हणाले.

मी मुकाट्याने तसं भरलं. संगणकाने लगेच कॅलिब्रेशनचं, म्हणजे साधन अचूक मोजतं याचं, सर्टिफिकेट मागितलं. ते मी त्यांना कळवल्यावर म्हणाले, "लिहा, जन्मतः केलेलं आहे." संगणकाला ते पटलं नाही. शेवटी मासे बागकामात गेले, आणि मला ते आजही चुकीचं वाटतं.

माशांना त्यांनी नावं ठेवली होती, तीही हुद्द्यांवरून. सगळ्यात मोठा, केशरी, पोट सुटलेला, तो प्लँट हेड. सारखा काचेला तोंड लावून लोकांकडे बघणारा तो एचआर. तळाशी राहून जे पडेल ते वेचणारा, मातकट रंगाचा एक होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. पण ते मला तो नेहमी बोटाने दाखवायचे.

कंपनीला टाकं फार आवडलं. महिन्याभरात त्यावर बोर्ड आला: "आमच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात मासे आनंदाने राहतात." पाहुण्यांना तिथे नेऊन फोटो काढायची पद्धत पडली. पाहुणे गेल्यावर त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही.

मग ईटीपीत हवा सोडणारा एक ब्लोअर जळला. दुसरा दमेकऱ्यासारखा चालायचा. नव्या ब्लोअरची मागणी बॅटरीसाहेब दर तिमाहीला द्यायचे आणि ती दर तिमाहीला "पुढच्या तिमाहीत" असा शेरा घेऊन परत यायची. हवा कमी पडली, पाणी बिघडलं, मासे मरू लागले. ते सकाळी बसमध्ये जाहीर करायचे. "काल एचआर गेले. सगळ्यांशी गोड होते." "आज क्वालिटीने मान टाकली. शेवटपर्यंत काही बोलले नाहीत." पुढच्या सीटवरचे डोळे मिटून घ्यायचे.

आणि ठरल्याप्रमाणे, मासा मेला की शनिवारी ते वाडीवर जाऊन आबांना सांगून यायचे. हे कळल्यावर खऱ्या एचआरने त्यांना बोलावून घेतलं. कंपनीची माहिती बाहेर का नेता, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "माहिती मी नेत नाही, नाला नेतो. मी फक्त मागून जातो."

तेव्हाचे प्लँट हेड भिडस्त होते. त्यांनी हळूच सुचवलं, की पिण्याच्या टाकीवरून एक लाइन टाक्याला जोडली तर मासे जगतील, बोर्डही खोटा ठरणार नाही. लाइन टाकून झालीसुद्धा, अशी की व्हॉल्व्ह फिरवला की टाक्यात पिण्याचं पाणी यावं आणि ईटीपीचं पलीकडच्या पाइपाने परस्पर नाल्यात जावं. ते काम मेंटेनन्सच्या साहेबांनी केलं आणि विसरले. राहिला फक्त व्हॉल्व्ह फिरवायचा. बॅटरीसाहेब म्हणाले, "चला." प्लँट हेडांनी बुटांकडे बघितलं. व्हॉल्व्ह बंदच राहिला, आणि वर्षाअखेर ते बदलून गेले.

नवे आले ते चाळिशीचे, चपळ. "मला प्रॉब्लेम सांगू नका, सोल्यूशन आणा," हे त्यांचं आल्या दिवशीचं वाक्य. ब्लोअरची मागणी ही त्यांच्या लेखी प्रॉब्लेममध्ये मोडली.

त्याच सुमारास ज्या मोटार कंपनीला आमचा सगळ्यात जास्त माल जातो, त्यांच्याकडून ऑडिट, म्हणजे कारखान्याची तपासणी, लागलं. कारखान्यात रंगरंगोटी सुरू झाली. मला हुकूम आला, नवे मासे आणा. लोणावळ्याच्या मत्स्यालयाच्या दुकानातून ते मी घेतले, पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आणले. बॅटरीसाहेबांनी त्या दिवशी मला आपल्या सीटवर बसू दिलं नाही. "त्यांना खड्डे सोसायचे नाहीत," म्हणाले. पिशवीतल्या सगळ्यात मोठ्या केशरी माशाला तिथेच प्लँट हेड करून टाकलं.

ऑडिटच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी मासे टाक्यात सोडत होतो. प्लँट हेड आले.

"ती लाइन चालू करा. उद्या एकही मासा मेलेला दिसता कामा नये."

"करू की," बॅटरीसाहेब म्हणाले. "चला. हात तुमचा, बॅटरी माझी."

मला वाटलं, आता हे बुटांकडे बघणार. त्यांनी बाह्या दुमडल्या. "आय ॲम अ हँड्स-ऑन पर्सन," असं म्हणून ते सरळ व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरले.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बॅटरीसाहेबांचा चेहरा पडला. त्यांची सगळी युक्ती एका गोष्टीवर उभी होती, की स्वतःच्या हाताने करायची वेळ आली की माणसाला लाज वाटते. ती नसलेला माणूस आला तर काय करायचं, याची तजवीज त्यांनी केलेली नव्हती. पण शब्द म्हणजे शब्द. त्यांनी बॅटरी लावली आणि खड्ड्यात उजेड धरला.

"साहेब, एक ऐका. पिण्याच्या टाकीत आज क्लोरीन—"

"लेक्चर नको. मासे माझी जबाबदारी." त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला, हात झटकले आणि वर आले. "बघा. एवढंच होतं. तुम्ही लोक उगाच बाऊ करता."

बॅटरीसाहेब काय सांगत होते, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ऑडिटमध्ये पिण्याच्या पाण्याचाही नमुना घेतात. तो पास व्हावा म्हणून याच प्लँट हेडांनी आदल्या दिवशी सकाळी पिण्याच्या टाकीत क्लोरीन सढळ हाताने टाकायला सांगितलं होतं. क्लोरीनच्या पाण्यात मासा तग धरत नाही, हे घरात मासे पाळणाऱ्यालाही ठाऊक असतं. एका सजावटीने दुसऱ्या सजावटीचा गळा धरला, तो असा, एकाच पाइपात.

सकाळी अकराच्या सुमाराला ऑडिटर बाई टाक्यापाशी पोचल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. मागे आमचे सगळे इंजिनिअर, इस्त्रीच्या शर्टांत. बोर्डावरची धूळ पुसलेली. आणि काचेमागे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळत होते. काही आधीच आडवे झालेले. आमच्या डोळ्यांदेखत तो मोठा केशरी एकदा वळला आणि पोट वर करून तरंगायला लागला.

"प्लँट हेड," बॅटरीसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले.

बाईंनी बोर्ड वाचला, मासे बघितले आणि विचारलं, "हे तुमच्या ईटीपीचं पाणी आहे?"

मोठा पेच होता. हो म्हणावं, तर ईटीपीचं पाणी मासे मारतं. नाही म्हणावं, तर बोर्ड खोटा. प्लँट हेडांना दोन्हींपैकी कोणतंच सोल्यूशन पसंत पडेना. आमचे इंजिनिअर तर तिथे नव्हतेच, म्हणजे शरीराने होते. एक आंब्याच्या झाडाकडे निरखून पाहत होता. मेंटेनन्सचे साहेब काहीतरी विसरण्याच्या तयारीत होते. शेवटी प्लँट हेड हसून म्हणाले, "आमचे ईटीपीचे सीनियर सांगतील." आणि बॅटरीसाहेबांकडे असं बघितलं, की त्यात निवृत्ती, बढती, बदली सगळं आलं.

बॅटरीसाहेबांनी खिशातून बॅटरी काढली. लख्ख ऊन होतं. त्यांनी बटण दाबलं आणि उजेड व्हॉल्व्हवर धरला.

"मॅडम, हे पिण्याच्या टाकीचं पाणी आहे. हा व्हॉल्व्ह काल फिरवला. ईटीपीचं पाणी त्या पलीकडच्या पाइपाने परस्पर नाल्यात जातंय. तेही चांगलं नाही. ब्लोअर बंद आहे."

"व्हॉल्व्ह कुणी फिरवला?"

"मी बॅटरी धरली होती, मॅडम," ते म्हणाले. "मला एका वेळी एकच काम जमतं."

बाई प्लँट हेडांकडे वळल्या. प्लँट हेडांनी आजही दुमडलेल्या आपल्या बाह्या तेवढ्यात खाली घेतल्या.

निकाल असा लागला, की सहा महिन्यांनी बाई पुन्हा येणार, टाकं तिथेच राहणार, त्यात ईटीपीचंच पाणी असणार आणि पिण्याच्या पाण्याची लाइन मुळापासून काढलेली दिसली पाहिजे. नाहीतर माल बंद. ज्याची मागणी इतक्या तिमाह्या फिरत होती, तो ब्लोअर पुढच्याच आठवड्यात आला. खरेदी मीच केली. सदसद्विवेक ज्याला म्हणतात तो आमच्याकडे बाहेरून मागवावा लागतो. आला की बसवायला वेळ लागत नाही.

मासे का मेले, याचा अहवाल मात्र लिहावा लागतो. चार इंजिनिअर खोली बंद करून बसले आणि त्यांनी मूळ कारण शोधून काढलं: माशांचा दर्जा निकृष्ट. उपाय: पुरवठादाराला काळ्या यादीत टाकणे. तसं पत्र मी लिहावं, असं प्लँट हेडांनी सांगितलं. मी दुकानदाराला आधी फोन केला. तो म्हणाला, "साहेब, माझ्याकडे जिवंत होते, बसमध्ये जिवंत होते. मधे तुम्ही काय केलंत ते तुम्ही बघा." हिशेब साधा होता. मी कोरा कागद आणि पेन घेऊन प्लँट हेडांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, मजकूर तुमच्या हाताने लिहा, मी शिक्का आणून देतो. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "तुम्हीसुद्धा चाकावर बसायला लागलात का?" एवढंच म्हणाले. पत्र गेलं नाही.

बॅटरीसाहेबांना ईटीपीवरून काढून ट्रेनिंग रूममध्ये बसवलं. नव्या इंजिनिअरांना नीतिमूल्यं शिकवायचं काम. हेड ऑफिसने पाठवलेल्या चित्रांतलं पहिलं चित्र होतं: "चूक दिसली तर आवाज उठवा." त्याखाली हसरी माणसं. ते दाखवून झालं की हे म्हणायचे, "उठवलेला आवाज कुठे ठेवतात ते बघायचं असेल तर ही खोली बघून घ्या." त्याच खोलीतून ते निवृत्त झाले. प्लँट हेडांना ग्रुपच्या वार्षिक समारंभात पर्यावरणाची ढाल मिळाली. ती टाक्याशेजारी काचेच्या कपाटात आहे. नवे मासे तिच्याकडे बघत फिरतात, आणि हे कबूल केलं पाहिजे, की ते जिवंत आहेत.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात आबा गेटवर आले. हातात झाकलेली बुट्टी.

"बॅटरीवालं सायेब कुटं हायेत?"

सिक्युरिटीने या वेळी सरळ प्लँट हेडांना फोन लावला. कुणी शेतकरी नाल्याचे खेकडे घेऊन आलाय म्हटल्यावर ते स्वतः आले, फोटोवाल्याला घेऊन. बुट्टीसकट आबांशेजारी उभे राहिले, फोटो झाला. मग आबांनी बुट्टी पुढे केली. "घ्या सायेब. तुमच्याच नाल्याचं हायेत. आज कालवान करा."

प्लँट हेडांनी बुट्टीत डोकावून पाहिलं. "नाही, म्हणजे... मी सध्या नॉनव्हेज बंद केलंय."

आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी दोनदा चिकन घेतलं होतं. मी समोरच बसलो होतो.

संध्याकाळी मी आबांना घेऊन मळवलीला बॅटरीसाहेबांकडे गेलो. वहिनींनी रस्सा केला, तिखट, काळ्या मसाल्याचा. पानं वाढली. आबा मांडी घालून बसले. माझ्या ताटात एक भला मोठा खेकडा आला आणि माझ्या डोक्यात, सवयीने, आकडे सुरू झाले: रंगाचं धुणं किती, नाल्याचं पाणी किती, जुना गाळ किती.

"लॅबचा रिपोर्ट काढला होता का हो कुणी?" मी विचारलं.

बॅटरीसाहेबांनी खिशात हात घातला.

"अहो, जेवताना तरी ती खाली ठेवा!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या.

त्यांनी बटण दाबलं. माझ्या ताटावर पिवळा गोल उजेड पडला, बरोबर खेकड्यावर.

"चला," ते म्हणाले. "हात तुमचा."

आबांनी घास हातातच ठेवला होता. ते ना ताटाकडे बघत होते, ना बॅटरीकडे. ते कंपनीच्या माणसाच्या, म्हणजे माझ्या, हाताकडे बघत होते. मी नांगी मोडली.